शब्दाचा शोध आणि पिवळी खूण



खेड्यात कोठेही घडू शकेल अशी एक गोष्ट प्रथम सांगतो. एका सरकारी योजनेच्या लाभार्थ्यांची यादी संगणकावर लागली आहे. यादी चाळीस पानांची. गावचे एक शेतकरी शाळेत गुरुजींकडे येतात आणि म्हणतात, "गुरुजी, तेवढं माझं नाव हाय का बघा की." त्यांचे नाव सिद्धेश्वर. सोलापूरच्या ग्रामदैवताचे नाव, तेव्हा आपल्या मुलखात घरोघर आढळणारे. गुरुजी यादी उघडतात आणि शोधाच्या चौकटीत 'सिद्धेश्वर' असा शब्द टाईप करतात. क्षणात दोन ठिकाणी पिवळी खूण उमटते. पण ते दोघेही सिद्धेश्वर परगावचे निघतात. गुरुजी सांगतात, "नाही हो अण्णा, तुमचं नाव दिसत नाही." अण्णा "बरं" म्हणून उठतात आणि घरची वाट धरतात.

आता गंमत अशी, की अण्णांचे नाव यादीत होते. तेविसाव्या पानावर होते. मात्र टाईप करणाराने ते 'सिध्देश्वर' असे लिहिले होते. 'द'ला 'ध' जोडायचा, तेथे 'ध'ला 'द' जोडला गेला होता. माणसाच्या डोळ्याने ते नाव सहज ओळखले असते. यंत्राने ओळखले नाही. आणि गुरुजींनी पिवळ्या खुणेवर भिस्त ठेवली, स्वतःच्या डोळ्यांवर नाही.

आज आपण ह्याच पिवळ्या खुणेविषयी बोलणार आहोत. ती कशी उमटते, कोण उमटवतो, मराठी मजकुरात ती मधूनमधून का चुकते, आणि ती उमटली नाही तर काय करावे, हे समजून घेऊ. संगणकाचा धंदा करणारांनाच हे कळले पाहिजे असे नाही. सातबारा, मतदारयादी, परीक्षेचा निकाल, बाजारभाव हे सगळे आता पडद्यावरच पाहावे लागते. त्यामुळे हा प्रश्न तुमच्याआमच्या घरचाच झाला आहे.

मजकुरातला हवा तो शब्द चटकन नजरेस पडावा म्हणून त्याला रंग देण्याची युक्ती काही नवी नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल, की ओवीचा आकडा, अध्यायाची समाप्ती, 'उवाच'सारखे शब्द यांवर गेरूचा किंवा हिंगुळाचा तांबडा हात फिरवलेला असे. काळ्या शाईच्या सलग ओळींत वाचणाऱ्याची नजर नेमकी तेथे थांबावी हा त्यातला हेतू. छापखाना आल्यावर दुसरी सोय झाली, ती सूचीची. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. एवढ्यातून एक अभंग काढायचा कसा? म्हणून गाथेच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे यादी देण्याचा प्रघात पडला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 1920 नंतरच्या दशकात ज्ञानकोशाचे 23 खंड काढले, त्यांत सूचीसाठी एक खंड वेगळा राखला होता. एवढ्या मोठ्या ग्रंथात सूची नसेल तर माहिती असून नसल्यासारखी होते, हे त्यांनी ओळखले होते.

पण अकारविल्हे यादीची एक अडचण असते. अभंगाचा पहिला शब्द आठवला तरच ती उपयोगी. कीर्तनात ऐकलेली मधलीच ओळ आठवत असेल तर यादी मुकी राहते. संगणकाने ही अडचण दूर केली. त्याला अभंगाच्या पोटातला कोणताही शब्द द्या, तो सगळी गाथा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत चाळतो आणि जेथे जेथे तो शब्द असेल तेथे तेथे रंग लावून दाखवतो. सूची आणि गेरू ही दोन्ही कामे तो एकदमच करतो म्हणा ना.

हे तो करतो कसे? संगणकाला अक्षर म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहेत ते आकडे. म्हणून प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रा-वेलांटीला एकेक क्रमांक दिलेला आहे. जगातल्या सर्व लिप्यांसाठी मिळून ही जी क्रमांकांची पद्धत ठरली, तिला युनिकोड म्हणतात. 1991 साली तिची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरीलाही जागा मिळाली. तिच्यात 'स'चा क्रमांक 2360 आहे, 'ल'चा 2354, 'र'चा 2352. तेव्हा 'सोलापूर' हा शब्द संगणकाच्या लेखी सात आकड्यांची माळ आहे: 2360, 2379, 2354, 2366, 2346, 2370, 2352. स, ओकाराची मात्रा, ल, काना, प, दीर्घ उकार, र. तुम्ही शोधाच्या चौकटीत 'सोलापूर' लिहिलेत, की तो ही सात मण्यांची माळ घेतो आणि सगळ्या मजकुरावरून सरकवत नेतो. सातही मणी जेथे ओळीने जुळले तेथे 'सापडला' म्हणतो. एक जरी मणी वेगळा निघाला, तरी तो पुढे सरकतो. तेथे अर्थाचा, उच्चाराचा, शेजारच्या शब्दांचा काही विचार नसतो.

शब्द सापडला, की रंग लावण्याचे काम अगदी सोपे असते. त्या शब्दाच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन अदृश्य खुणा घातल्या जातात. 'येथून येथपर्यंत ठळक दाखव' एवढाच त्यांचा अर्थ. संकेतस्थळाची पाने ज्या खूणभाषेत लिहितात तिच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे 2014 साली प्रमाण म्हणून मान्य झालेल्या आवृत्तीत, या कामासाठी 'मार्क' नावाची स्वतंत्र खूण आहे. ती दिसली, की पडद्यावर तेवढाच भाग पिवळा होतो. मूळ मजकुरात काही बदल होत नाही. पोथीवर गेरू लावला तो कायमचा. ही खूण मात्र पान मिटले की गेली.

हे काम करणारा जो छोटा पुर्जा संकेतस्थळाला जोडतात त्याला प्लगिन म्हणतात. शेतकरी बंधूंना हे ट्रॅक्टरवरून चटकन समजेल. ट्रॅक्टर एकच. त्याच्या मागे नांगर लावला की नांगरट होते, पेरणीयंत्र लावले की पेरणी, ट्रॉली लावली की ऊस कारखान्याला जातो. इंजिन तेच, अवजार तेवढे बदलते. संकेतस्थळाचेही तसेच आहे. वर्डप्रेस नावाची एक व्यवस्था 2003 साली निघाली. शाळा, संस्था, वर्तमानपत्रे यांची पुष्कळ संकेतस्थळे तिच्यावर चालतात. 2004 साली तिला असे बाहेरचे पुर्जे जोडण्याची सोय झाली. शोधलेले शब्द रंगवणारा पुर्जा हा अगदी सुरुवातीच्या पुर्ज्यांपैकी एक.

तो त्या वेळी मोठ्या हुशारीने काम करी. तुम्ही गूगलवर 'डाळिंबावरील तेल्या रोग' असे शोधले आणि मिळालेल्या पानावर गेलात, की तुमचा संगणक त्या पानाला एक चिठ्ठी देत असे. तिच्यात तुम्ही कोठून आलात, आणि कोणते शब्द शोधत आलात, हे लिहिलेले असे. पुर्जा ती चिठ्ठी वाची आणि पान उघडतानाच 'डाळिंबावरील', 'तेल्या', 'रोग' हे शब्द रंगवून ठेवी. पाहुणा दारात येण्यापूर्वीच त्याच्या आवडीची भाजी चुलीवर चढावी, तसे. पण कोणी काय शोधले हे वाटेतल्या प्रत्येकाला कळावे हे काही बरे नव्हे. कोणी रोगाचे नाव शोधतो, कोणी कर्जाचे. म्हणून गूगलने 2011 पासून आपल्या खात्यात शिरून शोधणाऱ्यांच्या चिठ्ठीतून हे शब्द काढून टाकले, आणि 2013 सालापर्यंत जवळजवळ सर्वांच्याच चिठ्ठीतून ते गेले. तेव्हापासून ते जुने पुर्जे गूगलवरून येणाऱ्यांच्या बाबतीत निकामी झाले. 2020 साली निराळी तऱ्हा आली. आता शोधयंत्र दुव्याच्या पोटातच नेमके वाक्य बांधून देते, आणि ते वाक्य शोधून रंगवण्याचे काम वाचकाचा स्वतःचा संगणक किंवा मोबाईल करतो. मोबाईलवर एखादे पान उघडताच ते आपोआप मधल्या परिच्छेदापर्यंत सरकते आणि तेथली ओळ पिवळी दिसते, ती याच कारणाने.

येथवर सगळे छान आहे. अडचण येते ती आपल्या भाषेपाशी. म्हणजे दोष भाषेचा नाही. पुर्जे पुष्कळदा इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात, आणि मराठीची चाल निराळी आहे.

इंग्रजीत गावाचे नाव सहसा बदलत नाही. त्याच्या आधी 'मध्ये', 'पासून', 'कडे' अशा अर्थाचे सुटे शब्द येतात. मराठीत प्रत्यय नामालाच चिकटतो, आणि चिकटताना नामाचे रूपच बदलतो. व्याकरणात आपण त्याला सामान्यरूप म्हणतो. 'सोलापूर'चे 'सोलापुरात' झाले, की मघाच्या माळेतला सहावा मणी 2370 होता त्याचा 2369 झाला. दीर्घ उकाराचा ऱ्हस्व झाला. माळ तुटली. 'सोलापूर' शोधणाराला 'सोलापुरात' रंगलेले दिसणार नाही.

शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले शब्द घेऊन पाहा. 'ऊस' शोधलात, तर 'उसाला' सापडत नाही. 'पीक' शोधलेत, तर 'पिकाचा' नाही. 'दूध' शोधलेत, तर 'दुधाला' नाही. 'विहीर' शोधलीत, तर 'विहिरीत' नाही. 'पाऊस' शोधलात, तर 'पावसाने' नाही. आता मला सांगा, पीकविम्याच्या कागदात 'पीक' हा शब्द मूळ रूपात कितीदा येणार, आणि 'पिकाचे', 'पिकांना', 'पिकासाठी' असा कितीदा येणार? शोधणारा तीन ठिकाणे पाहतो, तीस ठिकाणे तशीच राहतात. आणि त्या तिसांतच कदाचित त्याच्या हक्काची अट लिहिलेली असते.

यावर उपाय सोपा आहे, आणि तो व्याकरण शिकवणाऱ्या शिक्षकाला कोणाहूनही चांगला कळेल. एकाच शब्दाचा शोध दोनदा घ्यावा. एकदा मूळ रूपाने, एकदा सामान्यरूपाच्या डोक्याने. 'पीक' झाले की 'पिका' शोधा. 'पाऊस' झाला की 'पावस' शोधा. 'विहीर' झाली की 'विहिर' शोधा. शेपूट सोडा, डोके धरा. पाचवी-सहावीच्या मुलांना सामान्यरूप शिकवताना हाच खेळ घ्यावा. "मुलांनो, 'पाऊस' शब्दाची पानातली सगळी रूपे पिवळी करायची, तर काय काय टाईप कराल?" असे विचारावे. व्याकरण कशाला शिकायचे, या प्रश्नाचे उत्तर मुले आपणच देतील.

दुसरी अडचण याहून फसवी आहे. काही शब्द डोळ्याला हुबेहूब सारखे दिसतात, पण आतून निराळे असतात. 'शेतकऱ्यांना' हाच शब्द घ्या. त्यातला 'ऱ्य' आपण एकाच तऱ्हेने वाचतो. परंतु तो टाईप करण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत या 'ऱ्'साठी असलेले वेगळे अक्षर वापरतात. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. कागदावर दोन्ही सारखे, आकड्यांत वेगळे. यादी एका रीतीने लिहिली आणि शोध दुसऱ्या रीतीने घेतला, तर चाळीस वेळा आलेला शब्दही 'शून्य ठिकाणी सापडला' असे उत्तर येऊ शकते. 'बँक' या शब्दाचेही तसेच. कोणी 'ब'वर थेट चंद्रबिंदू देतो, कोणी अर्धचंद्र देऊन वर अनुस्वार देतो. दिसायला बहुतेक तेच. 'अ'वर अर्धचंद्र असलेल्या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक 2008 साली मिळाला. त्यापूर्वीच्या मजकुरात तो 'अ' आणि अर्धचंद्र असा दोन तुकड्यांत लिहीत. चांगला पुर्जा शोधण्यापूर्वी ही सगळी रूपे एका मापात आणतो. साधा पुर्जा ते करीत नाही.

तिसरी अडचण जुन्या मजकुराची. संगणकावर मराठी आले ते युनिकोडच्या आधीपासून. पुण्याची सी-डॅक ही संस्था 1988 साली सुरू झाली, आणि भारतीय लिप्यांच्या कामात तिने मोठा वाटा उचलला. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची प्रमाण पद्धतही 1991 साली ठरली. परंतु छपाईच्या आणि कचेऱ्यांच्या धांदलीत निरनिराळे फॉन्ट रूढ झाले. त्यांत पडद्यावर 'क' दिसे, पण आत इंग्रजीतले एखादे अक्षर असे. वरून मराठी अंगरखा, आत भलताच माणूस. असा मजकूर डोळ्याने वाचता येतो, पण त्यात मराठी शब्द शोधता येत नाही. याहून बिकट म्हणजे कागदाचा नुसता फोटो काढून चढवलेले पान. त्यात अक्षरेच नसतात, अक्षरांचे चित्र असते. चित्रात शब्द शोधणे म्हणजे आरशातल्या भाकरीने पोट भरणे होय.

पान कोणत्या जातीचे आहे हे ओळखण्याची एक सोपी कसोटी सांगतो. पानावर डोळ्यांना स्पष्ट दिसणारा एखादा शब्द निवडा, आणि तोच शोधून पाहा. समोर दिसणारा शब्दही यंत्राला सापडत नसेल, तर त्या पानावर शोधाचा उपयोग नाही असे समजावे. किंवा तो शब्द उचलून दुसरीकडे डकवून पाहा. तेथे वेडीवाकडी इंग्रजी अक्षरे उमटली, किंवा वेलांट्या जागा सोडून बसल्या, तरी निष्कर्ष तोच. अशा वेळी बोट ठेवून एकेक ओळ वाचावी. त्याला पर्याय नाही.

याच्या उलटही होते. कधीकधी नको तेवढे सापडते. 'कर' म्हणजे सारा, घरपट्टी, पाणीपट्टी. तो शब्द ग्रामपंचायतीच्या पानावर शोधा. 'शेतकरी'मधला कर पिवळा होईल, 'नोकर'मधला होईल, 'भाकर'मधला होईल, आणि आमचा करमाळा तालुका तर निम्मा पिवळा होईल. पुरा शब्दच हवा, त्याचा तुकडा नको, असे सांगण्याची सोय पुष्कळ पुर्ज्यांत असते. पण त्यांतल्या काहींना शब्दाची हद्द इंग्रजी अक्षरांवरूनच कळते. देवनागरी मजकुरात ते गोंधळतात. म्हणून शाळेच्या किंवा संस्थेच्या संकेतस्थळासाठी पुर्जा घेताना तो आधी मराठी मजकुरावर चालवून पाहावा, मगच पसंत करावा. बैल बाजारात दात पाहूनच घेतात ना!

आता इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी एक उदाहरण देतो. 1930 सालच्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चार देशभक्तांना 12 जानेवारी 1931 रोजी फाशी देण्यात आले. या विषयावर मुलांनी जुने लेख शोधावेत असे वाटले, तर नुसते 'सोलापूर' टाईप करून भागणार नाही. त्या काळी आपल्या शहराचे नाव 'शोलापूर' असेही लिहीत. मार्शल लॉला कोणी 'लष्करी कायदा' म्हणतो. 'धनशेट्टी' या नावात एक 'ट' कमी-जास्त होऊ शकतो. शिवाय आपला जिल्हा मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारांचा. एकच नाव तीन घरांत तीन तऱ्हांनी उच्चारले जाते, आणि लिहिणारा आपल्या कानाप्रमाणे लिहितो. तेव्हा शोधण्यापूर्वी कागदावर त्या नावाची सगळी संभाव्य रूपे लिहून काढावीत, आणि एकेक करून पाहावीत. या चौघांपैकी एखाद्याचे नाव पुस्तकात नाही असा शेरा मारण्यापूर्वी एवढी मेहनत घेणे आपले कर्तव्यच आहे.

रंगाचा आणखी एक उपयोग संगणकाच्या पानांवर होतो. तो शिक्षकांना ठाऊक असावा, कारण शाळांतून आता संगणकाची आज्ञावली, म्हणजे कोड, शिकवू लागले आहेत. आज्ञावली म्हणजे काय हे सोलापूरकराला परक्या उदाहरणाने सांगण्याची गरज नाही. आपल्या चादरीवरचे नक्षीकाम जेकार्ड मागावर होते. त्या मागाला भोके पाडलेल्या पत्त्यांची माळ लावतात. भोक असेल तेथे धागा उचलायचा, नसेल तेथे नाही. पत्त्यांची माळ म्हणजे मागाला दिलेली आज्ञावलीच. एक भोक चुकले, तर फुलाची पाकळी मोडते. संगणकाची आज्ञावलीही अशीच काटेकोर असते. एक स्वल्पविराम किंवा एक अवतरणचिन्ह चुकले, की सगळे अडते.

म्हणून आज्ञावलीचा नमुना पानावर छापताना त्यातल्या शब्दांना जातवार रंग देतात. यंत्राचे राखीव शब्द एका रंगात, अवतरणातला मजकूर दुसऱ्या, आकडे तिसऱ्या, आणि माणसाने माणसासाठी लिहिलेला शेरा फिकट रंगात. अशा तऱ्हेने रंग वापरणाऱ्या पहिल्या काही साधनांपैकी एक 1985 साली तयार झाले, आणि ते तयार झाले ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाचे काम संगणकावर आणण्यासाठी. कोशातला मूळ शब्द, व्युत्पत्ती, अर्थ आणि अवतरण हे गर्दीत वेगळे दिसावेत म्हणून आय. बी. एम. कंपनीच्या माइक कोलिशॉ यांनी ते बनवले. पुढे संकेतस्थळांसाठी 2006 साली 'हायलाइट', 2012 साली 'प्रिझम' असे पुर्जे निघाले. ते आजही वापरात आहेत.

विद्यार्थ्याला याचा फायदा असा, की अवतरणचिन्ह बंद करायचे राहिले तर पुढच्या ओळीसुद्धा अवतरणाच्या रंगात रंगून जातात. चूक कोठून सुरू झाली ते बाईंनी सांगण्यापूर्वीच त्याला दिसते. मात्र येथेही तीच सावधगिरी हवी. रंग बरोबर दिसला म्हणजे आज्ञावली बरोबर आहे असे नव्हे. बेरजेच्या जागी वजाबाकी लिहिली, तरी रंग सुरेखच दिसतो. रंग शब्दाची जात सांगतो, हिशोबाचा खरेपणा सांगत नाही.

संकेतस्थळ तयार करणाऱ्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. यादी प्रसिद्ध करताना ती कागदाच्या फोटोच्या रूपाने नव्हे, तर युनिकोड मजकुराच्या रूपाने द्यावी. नावाबरोबर खातेक्रमांक, गट क्रमांक किंवा अर्जाचा क्रमांक द्यावा. आकड्याला ऱ्हस्व-दीर्घ नसते. मात्र तो देवनागरी अंकांत आहे की इंग्रजी अंकांत, एवढे पानाच्या माथ्यावर लिहावे, कारण यंत्राला तेही वेगळे वाटतात. पिवळ्या रंगाबरोबर खाली रेघ किंवा ठळक ठसाही द्यावा. सर्वांनाच सगळे रंग ओळखता येतात असे नाही, आणि छापील प्रतीत तर रंग पुष्कळदा उतरतच नाही. आणि काही न सापडल्यास 'नाव नाही' असे न लिहिता 'या लेखनाने नाव आढळले नाही, दुसऱ्या लेखनाने पाहा' असे लिहावे. दोन वाक्यांत फरक थोडाच आहे. पण पहिले वाक्य वाचून माणूस घरी परततो, आणि दुसरे वाचून पुन्हा शोधतो.

शेवटी आपल्या अण्णांकडे जाऊ. गुरुजींनी काय करायला हवे होते? आधी समोर दिसणारा एखादा शब्द शोधून पान शोधण्याजोगे आहे की नाही ते पाहायचे. मग 'सिद्धेश्वर', त्यानंतर 'सिध्देश्वर', त्यानंतर नुसते 'श्वर'. मग आडनाव, तेही एकदोन तऱ्हांनी. मग गावाचे नाव. गावाच्या नावाशी आले, की त्या गावाची दहा-वीस नावे डोळ्याने वाचायची. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम. आणि एवढे करूनही नाव मिळाले नाही, तर अण्णांना घरी न पाठवता कचेरीत जाऊन मूळ नोंद पाहायला सांगायचे.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावात ज्याच्या हाती संगणक आहे त्याच्या 'नाही' या शब्दाला फार वजन आले आहे. पूर्वी तलाठ्याच्या शब्दाला होते तसे. यंत्र 'नाही' म्हणते तेव्हा त्याला एवढेच सांगायचे असते, की ही माळ मला जुळली नाही. माणूस आहे की नाही, त्याचा हक्क आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. पिवळी खूण दिसली तर तिचे आभार मानावेत. ती दिसली नाही, तर चष्मा पुसून यादी पुन्हा वाचायला बसावे.